गाठीच्या जागेपुरते रेडिएशन: स्तन वाचवून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर असलेल्या, स्तन न काढता फक्त गाठ काढलेल्या बायकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. वाचताना शस्त्रक्रियेनंतरचा हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट हाताशी ठेवा. निम्म्याहून अधिक उत्तरे त्यातच सापडतात.

गाठ काढली, कडाही स्वच्छ आल्या. मग शेक, म्हणजे रेडिएशन, कशाला?

कडा स्वच्छ म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठाला सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. पण मूळ गाठीपासून थोड्या अंतरावर, दुधाच्या नलिकांमध्ये विखुरलेल्या पेशी राहिलेल्या असू शकतात. त्या हाताला लागत नाहीत आणि मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेतही दिसत नाहीत. अमेरिकेतल्या बी-०६ या चाचणीत २० वर्षे पाठपुरावा झाला. नुसती गाठ काढलेल्या बायकांपैकी ३९.२ टक्क्यांना त्याच स्तनात कॅन्सर परतला, तर गाठ काढून रेडिएशन घेतलेल्यांपैकी १४.३ टक्क्यांना. पुढे १७ चाचण्यांतल्या १०,८०१ बायकांची माहिती एकत्र करून २०११ साली निष्कर्ष आले, त्यात १५ वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यूही २५.२ वरून २१.४ टक्क्यांवर आलेले दिसले. स्तन वाचवायचा तर त्यासोबत रेडिएशन हा नियम असा ठरला. अपवाद थोडे आहेत, त्यांबद्दल पुढे येईल.

मग पूर्ण स्तनाला न देता फक्त तेवढ्याच भागाला का?

कॅन्सर त्याच स्तनात परतला तर बहुतेक वेळा तो जुन्या गाठीच्या जागी किंवा तिला लागून परततो. दूरच्या भागात नवा कॅन्सर होतो, पण त्याचे प्रमाण कमी असते आणि रेडिएशन घेतल्याने तो पुरता थांबतो असेही नाही. म्हणून धोका मुळातच कमी असलेल्या बायकांना गाठीची पोकळी आणि तिच्याभोवतीची साधारण एक ते दीड सेंटिमीटर जागा एवढ्यालाच पूर्ण मात्रा दिली जाते. उरलेला स्तन, त्याखालचे फुप्फुस, आणि डाव्या बाजूला हृदय, यांना फारच कमी किरण लागतात.

यात दिवस वाचतात म्हणून हे घ्यायचे ना?

हा समज आता जुना झाला. पूर्वी पूर्ण स्तनाला ५० ग्रे मात्रा (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचे एकक) २५ वेळा म्हणजे पाच आठवडे दिली जायची, तेव्हा पाच दिवसांचा उपचार हे मोठेच आकर्षण होते. नंतर पूर्ण स्तनाचेही ४० ग्रे १५ वेळांत होऊ लागले, आणि २०२० साली ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने २६ ग्रे फक्त ५ वेळांत, एका आठवड्यात देता येतात हे दाखवले. थोडक्यात, दिवस दोन्हीकडे वाचू शकतात. गाठीपुरत्या रेडिएशनचा खरा फायदा म्हणजे चांगला भाग किरणांपासून वाचतो. डॉक्टरांना 'किती दिवस लागतील' एवढेच विचारून थांबू नका. 'माझ्या स्तनाचा किती भाग वाचेल आणि त्याने मला नेमका काय फरक पडेल' हेही विचारा.

मला हे चालेल का, कसे कळेल?

रिपोर्ट उघडा आणि एकेक ओळ बघा. अमेरिकेच्या रेडिएशन तज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आस्ट्रोने, २०२३ साली दिलेल्या सल्ल्यानुसार वय ४० किंवा जास्त, गाठ २ सेंटिमीटरपर्यंत, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचे माप) १ किंवा २, ईआर पॉझिटिव्ह (पेशी इस्ट्रोजेन हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या), कडा स्वच्छ आणि काखेतल्या लसिकाग्रंथींच्या गाठी निगेटिव्ह, म्हणजे कॅन्सर नसलेल्या असतील तर हा उपचार बिनदिक्कत देता येतो. कमी किंवा मध्यम ग्रेडच्या, २ सेंटिमीटरपर्यंतच्या डीसीआयएसलाही तो चालतो. डीसीआयएस म्हणजे नलिकेच्या आतच असलेला, बाहेर न फुटलेला कॅन्सर.

ग्रेड ३, ईआर निगेटिव्ह किंवा २ ते ३ सेंटिमीटरची गाठ असेल तर विचार करून, बाकीच्या गोष्टी अनुकूल असतील तरच. असे दोन-तीन मुद्दे एकत्र आले तर पूर्ण स्तनाचे रेडिएशन घेतलेले बरे.

काखेतल्या गाठीत कॅन्सर असेल, कडेला कॅन्सर असेल, वय चाळिशीच्या आत असेल किंवा ब्राका-१ किंवा ब्राका-२ जनुकातला आनुवंशिक दोष सापडला असेल तर हा उपचार घेऊ नये. रिपोर्टमध्ये 'लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन' आहे असे लिहिले असेल, म्हणजे बारीक रक्तवाहिन्या किंवा लसिकावाहिन्यांत पेशी शिरलेल्या असतील, किंवा कॅन्सर लोब्युलर प्रकारचा, म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत सुरू झालेला असेल, तर सहसा टाळतात. हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू नावाचे प्रथिन जास्त) असून त्यावरचे औषध मिळणार नसेल तरीही टाळतात. केमो आधी देऊन गाठ लहान केली आणि मग काढली, तर रिपोर्टमधल्या लहान मापावर जाऊ नका. अशा वेळी मूळ गाठ केवढी होती आणि कुठवर पसरली होती यावर रेडिएशन ठरते.

आपल्याकडे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे लवकर होतो, आणि बऱ्याच बायका गाठ मोठी झाल्यावरच दवाखान्यात पोचतात. म्हणून या यादीत बसणाऱ्या बायका आपल्याकडे कमीच. तुम्ही बसत नसाल तर तुमचा उपचार कमी प्रतीचा ठरत नाही. तुमच्या आजाराला पूर्ण स्तनाचे रेडिएशन जास्त योग्य, एवढाच त्याचा अर्थ.

कमी जागेला दिल्याने कॅन्सर परतण्याचा धोका वाढतो का?

निवड नीट झाली तर फरक फार थोडा असतो. आकडे असे आहेत.

इटलीत फ्लॉरेन्सच्या चाचणीत ५२० बायका होत्या. गाठीपुरते ३० ग्रे ५ वेळांत, एक दिवसाआड. दहा वर्षांनी त्याच स्तनात परतण्याचे प्रमाण ३.७ टक्के, पूर्ण स्तनाच्या गटात २.५ टक्के. हा फरक योगायोगानेही येऊ शकतो एवढा लहान होता, आणि त्वचेचा त्रास गाठीपुरत्या गटात स्पष्ट कमी होता.

ब्रिटनच्या इम्पोर्ट-लो चाचणीत २,०१८ बायकांना १५ वेळांच्या वेळापत्रकातच, पण काहींना फक्त गाठीच्या भागाला रेडिएशन दिले. पाच वर्षांनी परतण्याचे प्रमाण गाठीपुरत्या गटात ०.५ टक्के आणि पूर्ण स्तनाच्या गटात १.१ टक्के आले.

अमेरिकेची बी-३९ ही सर्वांत मोठी चाचणी, ४,२१६ बायकांची. दहा वर्षांनी परतण्याचे प्रमाण गाठीपुरत्या गटात ४.६ आणि पूर्ण स्तनाच्या गटात ३.९ टक्के. आधी आखलेल्या कडक निकषाने दोन्ही उपचार 'समान' ठरवता आले नाहीत, पण प्रत्यक्ष फरक १०० बायकांमागे एकीपेक्षाही कमी होता. या चाचणीत जास्त धोक्याच्या बायकाही होत्या, तेही विसरू नये.

कॅनडाच्या चाचणीत स्तनाचा आकार बिघडला असे वाचले. ते काय होते?

बरोबर वाचलेत. रॅपिड नावाच्या त्या चाचणीत ३८.५ ग्रे मात्रा १० वेळांत, दिवसातून दोनदा, बाहेरच्या मशिनने दिली गेली. आठ वर्षांनी कॅन्सर परतण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते: ३.० आणि २.८ टक्के. पण स्तन कडक होणे, ओढला जाणे, त्वचेवर बारीक लाल शिरा दिसणे हे गाठीपुरत्या गटात जास्त आढळले. दोन शेकांमध्ये कमीत कमी सहा तासांचे अंतर ठेवतात, पण निरोगी पेशींना दुरुस्त व्हायला तेवढा वेळ पुरत नसावा. शिवाय त्या तंत्रात बऱ्यापैकी मोठ्या भागाला मात्रा जात होती. म्हणून बाहेरच्या मशिनने दिवसातून दोनदा हे वेळापत्रक आता मागे पडले. कुणी ते सुचवले तर एक दिवसाआड पाच वेळा किंवा रोज एकदा १५ वेळा का नको, हे नक्की विचारा.

पद्धती कोणकोणत्या?

तीन. बाहेरच्या मशिनने म्हणजे लिनॅकने, स्तनात नळ्या घालून म्हणजे ब्रेकीथेरपीने, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरच एका वेळेत.

लिनॅकची पद्धत सगळ्यांत सोपी आणि बहुतेक मोठ्या केंद्रांत मिळणारी. भूल नाही, टाके नाहीत. एका वेळी टेबलावर १५ ते २० मिनिटे जातात. त्यातला किरणांचा वेळ थोडाच, बाकी सगळा वेळ शरीर अचूक जागी आणण्यात आणि फोटो घेऊन तपासण्यात जातो.

ब्रेकीथेरपीत गाठीच्या जागेतून बारीक, लवचीक प्लॅस्टिकच्या नळ्या आरपार घालतात. साधारण १० ते २०, दोन-तीन थरांत. स्तनाच्या एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि दोन्ही टोकांना छोटी बटणे. बघायला भीती वाटते, पण नळ्या भुलीत घालतात आणि नंतर दुखणे साध्या गोळ्यांनी आटोक्यात राहते. उपचाराच्या वेळी नळ्या मशिनला जोडतात. तारेच्या टोकाला असलेला इरिडियम-१९२ चा तांदळाच्या दाण्यासारखा कण एकेका नळीत ठरलेल्या जागी काही सेकंद थांबत पुढे सरकतो आणि परत पेटीत जातो. ३४ ग्रे १० वेळांत हे नेहमीचे वेळापत्रक, दिवसातून दोनदा, पाच दिवस. इथे दिवसातून दोनदा चालते, कारण मात्रा फार थोड्या जागेत मावते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये या पद्धतीचा अनुभव २००० सालापासूनचा आहे. युरोपातल्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांनी कॅन्सर परतण्याचे प्रमाण ब्रेकीथेरपीच्या गटात १.४४ आणि पूर्ण स्तनाच्या गटात ०.९२ टक्के आले. हात तयार असलेले पथक मात्र हवेच. नळ्यांमधले अंतर चुकले की कुठे मात्रा कमी पडते, कुठे चरबी जळून गोळा होतो.

शस्त्रक्रियेतच एकदा देण्याची पद्धत ऐकायला सगळ्यांत सोयीची, पण आम्ही तिच्याबाबत सावध आहोत. इटलीतल्या एलियट चाचणीत २१ ग्रे एकाच वेळी दिले गेले. पंधरा वर्षांनी त्या गटात १२.६ टक्के बायकांना त्याच स्तनात कॅन्सर परतला, पूर्ण स्तनाच्या गटात २.४ टक्के. अडचण उघड आहे: टेबलावर असताना अंतिम रिपोर्ट हातात नसतो.

शस्त्रक्रियेआधी सर्जनना काय सांगायचे?

एकच गोष्ट, पण फार महत्त्वाची: गाठीच्या पोकळीच्या भिंतीला टायटॅनियमच्या क्लिपा लावा. चार ते सहा पुरतात. दोन-तीन मिलिमीटरच्या या क्लिपा सीटी स्कॅनवर पांढऱ्या ठिपक्यांसारख्या चमकतात आणि गाठ नेमकी कुठे होती ते दाखवतात. क्लिपा नसतील आणि पोकळीतले पाणी जिरून गेले असेल, तर डॉक्टरांना त्वचेवरच्या व्रणावरून अंदाज बांधावा लागतो. व्रण अनेकदा गाठीवर नसतोच, दिसू नये म्हणून चीर बाजूला घेतलेली असते. पूर्ण स्तनाला रेडिएशन देताना ही चूक खपून जाते. गाठीपुरत्या रेडिएशनमध्ये मात्र मात्रा भलत्याच जागी पडते.

ऑन्कोप्लास्टिक शस्त्रक्रियेत आकार नीट राहावा म्हणून शेजारचा भाग सरकवून पोकळी भरतात. तिथे मूळ जागा दोन-तीन ठिकाणी विभागली जाते. क्लिपा भाग सरकवण्याआधी लावलेल्या असतील तरच पुढे काही करता येते. क्लिपा कायम आत राहतात. त्यांनी दुखत नाही आणि एमआरआय करायलाही अडचण येत नाही.

प्लॅनिंगच्या दिवशी काय होते?

उताण्या झोपवतात, उतरत्या फळीवर, हात डोक्याच्या वर. व्रणावर बारीक तार चिकटवून दोन-तीन मिलिमीटरच्या थरांनी सीटी काढतात. त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे गोंदणाचे ठिपके किंवा शाईच्या खुणा करतात. कॅन्सर डाव्या बाजूला असेल तर खोल श्वास घेऊन २० सेकंद रोखायला शिकवतात. छाती फुगली की हृदय स्तनापासून लांब सरकते. घरी आधी सराव केलात तर त्या दिवशी घाबरायला होत नाही.

मग डॉक्टर पडद्यावर क्लिपा धरून जागा आखतात आणि फिजिसिस्ट किरणांची योजना करतात. यात काही दिवस जातात. कुणी 'आज सीटी, उद्या शेक' म्हटले नाही तर तो निष्काळजीपणा समजू नका.

शस्त्रक्रियेनंतर चार-सहा आठवडे जखम भरायला द्यावेत आणि केमो नसेल तर साधारण बारा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावे. पोकळीत पाणी साठले असेल तर ते काढायचे की नाही ते प्लॅनिंगआधी ठरवा. सीटीनंतर पाणी काढले तर पोकळीचा आकार बदलतो आणि सगळे पुन्हा करावे लागते.

हात वर जातच नाही. काय करू?

काखेच्या शस्त्रक्रियेनंतर हे फार बायकांना होते, आणि प्लॅनिंग लांबण्याचे हेच नेहमीचे कारण. ड्रेन, म्हणजे जखमेतले पाणी बाहेर काढणारी नळी निघाल्यावर सर्जनच्या परवानगीने दिवसातून तीन-चार वेळा भिंतीवर बोटे चढवत न्या. काल जिथवर पोचली तिथे खडूची खूण करा. खांदा सोडवायला दोन आठवडे तरी धरा.

मंगळसूत्र, अंघोळ, हळदीचा लेप: काय चालते?

मंगळसूत्र आणि साखळी प्रत्येक वेळी टेबलावर जाण्याआधी काढावी लागते. धातू किरणांच्या आणि फोटोच्या वाटेत येतो. रोज काढणे जिवावर येत असेल तर तेवढे दिवस घरीच ठेवा.

लिनॅकच्या उपचारात कोमट पाण्याने अंघोळ चालते. साबण सौम्य हवा. खुणांवर उटणे, घासणी, दगड नको. हळद-चंदनाचा लेप, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, बर्फ यांतले काहीच त्या भागावर नको. साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर रोज लावा, पण शेकाला जाण्याआधी लगेच जाड थर नको. तार असलेल्या ब्राऐवजी सुती, सैल ब्रा किंवा स्लिप घाला, वर पुढून उघडणारा कुर्ता.

ब्रेकीथेरपीत नळ्या असेपर्यंत छाती भिजवायची नाही, ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायचे. ड्रेसिंग रोज बघितले जाते. एखादे बटण सरकलेसे वाटले तर स्वतः ढकलू नका, पुढच्या शेकाच्या आधी सांगा. ताप, वाढती लाली, पू किंवा दुर्गंधी आली तर त्याच दिवशी दाखवा. मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर निदान आता सोडा, जखम भरायला ती आडवी येते.

घरात लहान नातवंडे आहेत. जवळ घेऊ का?

घ्या. लिनॅकचे किरण मशीन बंद होताच संपतात. ब्रेकीथेरपीतही कण पेटीत परत गेला की शरीरात काहीच उरत नाही. नळ्या रिकाम्या असतात. वेगळे ताट, वेगळी खोली यांची काही गरज नाही. घरच्यांना हे मोठ्याने वाचून दाखवा.

त्रास काय होतो?

थकवा, सौम्य लाली, थोडी सूज, आत टोचल्यासारख्या कळा. बहुतेक त्रास काही आठवड्यांत ओसरतो. केस गळत नाहीत, उलट्या होत नाहीत. ते केमोचे त्रास. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्या जागी कडकपणा येऊ शकतो किंवा चरबीचा मेलेला गोळा हाताला लागू शकतो, विशेषतः ब्रेकीथेरपीनंतर. तो मॅमोग्राफीत कधी कधी कॅन्सरसारखा दिसतो. हाताला काही लागले तर दाखवायलाच हवे. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईची तपासणी करून शंका मिटवतात. जुने मॅमोग्राम फेकू नका, तुलनेला तेच कामी येतात.

केमो आणि गोळ्या कधी?

केमो लागणार असेल तर सहसा ती आधी, रेडिएशन नंतर. कमी धोक्याच्या बऱ्याच बायकांना केमो लागतच नाही. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या किमान पाच वर्षांच्या असतात आणि रेडिएशन झाले म्हणून त्या बंद होत नाहीत. रेडिएशन त्या स्तनाची काळजी घेते, गोळी सगळ्या शरीराची.

आईचे वय ७२ आहे. रेडिएशन टाळता येईल का?

येऊ शकते, पण अटीवर. प्राइम-टू चाचणीत ६५ वर्षांवरच्या, ३ सेंटिमीटरपर्यंत गाठ आणि काख निगेटिव्ह असलेल्या बायकांपैकी काहींना रेडिएशनशिवाय फक्त हार्मोनच्या गोळ्या दिल्या. दहा वर्षांनी स्तनात कॅन्सर परतण्याचे प्रमाण ९.५ टक्के झाले, रेडिएशनसह ०.९ टक्के. जगण्यात फरक पडला नाही. म्हणजे टाळता येते, पण गोळी पाच वर्षे रोज घेतली जाणार असेल तरच. गोळीमुळे होणाऱ्या सांधेदुखीने ती वर्षात सुटेल अशी शक्यता असेल तर पाच वेळांचे गाठीपुरते रेडिएशन हा जास्त भरवशाचा मार्ग वाटतो. आईंना स्वतःला काय हवे ते आधी विचारा.

सोलापूर-लातूरहून येतो. योजनेत बसते का? मध्ये एक दिवस चुकला तर?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे रेडिएशन येते, पण लिनॅकच्या वेगवेगळ्या तंत्रांची आणि ब्रेकीथेरपीची मंजुरी वेगळी असू शकते. प्लॅनिंगच्या तारखेआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटा. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट सोबत ठेवा. एक दिवसाआड पाच शेक म्हणजे जवळपास दीड आठवडा मुक्काम धरा.

मशीन बंद पडले किंवा गाडी चुकली तर एखादा दिवस पुढे ढकलता येतो. लगेच कळवा. राहिलेला शेक भरून काढायला आपल्या मनाने एका दिवसात दोन घ्यायचे नसतात. तो हिशेब डॉक्टर आणि फिजिसिस्ट मिळून करतात.

एवढे करूनही त्याच स्तनात परतला तर?

अनेकदा स्तन काढावा लागतो, आणि लवकर सापडला तर त्यानंतरही चांगले बरे होता येते. काही निवडक बायकांना पुन्हा गाठ काढून पुन्हा गाठीपुरते रेडिएशन देता येते. म्हणूनच रेडिएशन संपल्यावर सहा ते बारा महिन्यांनी पहिला मॅमोग्राम, मग दरवर्षी एक, दोन्ही स्तनांचा. फाईलमध्ये रेडिएशनचा सारांश जरूर मागून ठेवा: कोणती बाजू, किती ग्रे, किती वेळा, कोणत्या तारखांना, कोणत्या पद्धतीने. दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना त्या एका कागदाची गरज पडू शकते.